सावलीतल्या अंगणात हिरवळ का रुसते?

'लॉन टाकलं आणि तीन महिन्यांत गेलं!' ताराबाई पार्क असो, नागाळा पार्क असो, रुईकर कॉलनी असो नाहीतर राजारामपुरीतल्या जुन्या गल्ल्या, हे वाक्य कुठंही कानावर पडतं. चित्र साधारण सारखंच असतं. बंगला जुना. दारात सासऱ्यांच्या हातचा आंबा, मागं फणस, कंपाउंडला लागून उंच अशोकाची रांग. त्यात पलीकडचा बंगला पाडून तिथं अपार्टमेंट उभं राहिलेलं. मग कधीतरी घराला रंग निघतो, लेकाचं लग्न ठरतं आणि दारात काहीतरी हिरवंगार हवं म्हणून नर्सरीतून हिरवळीच्या लाद्या येतात. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे. येणारा-जाणारा फाटकाशी थांबून बघतो. महिन्याभरानं पाती लांबुळकी, फिकी दिसायला लागतात. मग मधेमधे टक्कल पडतं आणि पावसाळा लागला की गवताच्या जागी नुसतं शेवाळ.

दोष कुणावर येतो? घरातल्या बाईवर, आणखी कुणावर! 'तू पाणी घालत नाहीस', 'तुझं लक्ष नाही'. मग ती बिचारी सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभी राहते. कुणी सांगतं युरिया टाका, ती युरिया टाकते. गवत आणखी लुसलुशीत होतं आणि आठ दिवसांत बसतं. शेवटी माळीमामा येतात, कमरेवर हात ठेवून वर बघतात आणि निकाल देतात, 'वैनी, ह्यो आंबा हाय तवर हितं गवत हुणार न्हाई बघा. काढूनच टाकूया की.'

मैत्रिणींनो, माळीमामांचं पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं मात्र ऐकू नका.

आपल्याकडं लॉन म्हणून जे लावतात ते बहुतेक वेळा हरळीच असते. आपल्या गणपतीच्या दूर्वा त्याच. नर्सरीवाले 'सिलेक्शन वन' म्हणून देतात तीही हरळीचीच बुटकी, बारीक पात्याची बहीण. हरळी चिवट. शेतकरी तिच्यापायी रडकुंडीला येतो. खणून काढली, उन्हात वाळवली, तरी एका कांडीतून पुन्हा फुटते. ती उन्हाला भीत नाही, पाण्याच्या ताणाला भीत नाही, पायाखाली तुडवलं तरी मरत नाही. तिला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे सावली. दिवसाला सहा तास तरी थेट ऊन तिला लागतं.

हे आपल्या गावाकडच्या माणसाला नवीन नाही. ऊस हेसुद्धा गवतच, ज्वारीही गवतच. बांधावर मोठं झाड असेल तर त्याच्या बाजूच्या चार-सहा ओळी कशा खुरटतात ते करवीर, कागलच्या कुठल्याही शेतात बघा. त्याला शेतकरी 'झाडाचा वसवा पडला' म्हणतात. वसव्यात ऊस पोसत नाही हे आपल्याला पटतं, मग वसव्यात लॉन का पोसावं?

मग पहिले पंधरा दिवस ते छान का दिसतं? कारण त्या लाद्या नर्सरीवाल्यानं उघड्या रानात, भरपूर उन्हात वाढवलेल्या असतात. गवताच्या मुळांत आणि खोडांत अन्नाचा साठा असतो. ही त्याची माहेरची शिदोरी! तुमच्या आंब्याखाली आल्यावर ते आठवडेन् आठवडे त्या शिदोरीवर जगतं. उजेड कमी म्हणून पाती लांब करून ऊन शोधतं, त्यात होती तीही पुंजी खर्च होते. शिदोरी संपली की गवत संपलं. तुमच्या पाण्याचा, खताचा त्यात काही संबंध नाही. उलट युरियानं पाती आणखी वाढवायला लावली म्हणजे पुंजी लवकर संपते आणि कोवळ्या पात्यांवर बुरशी येते ती वेगळीच.

आता झाड तोडण्याबद्दल. शहरातलं झाड तुमच्या अंगणात असलं, तुमच्याच सासऱ्यांनी लावलेलं असलं, तरी ते मनाला येईल तसं तोडता येत नाही. महाराष्ट्रात 1975 चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा आहे आणि त्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' झाडाचं स्थान मिळालं. म्हणजे तुमच्या दारातला आंबा सासूबाईंच्या लग्नाच्या आसपासचा असेल, तर तो त्यात बसण्याची बरीच शक्यता! कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब बघा. एप्रिलमध्ये पश्चिमेची भिंत तापते तेव्हा त्या झाडामुळं घर किती गार राहतं ते पंख्याखाली बसणाऱ्याला विचारा. पन्नास वर्षांचं झाड देऊन दोन वर्षांचं लॉन घ्यायचं, हा सौदा कुठल्याही बाजारात तोट्याचाच.

तेव्हा आधी मोजमाप करा. त्याला उपकरण लागत नाही, रांगोळी पुरते. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला अंगणात जिथपर्यंत ऊन आलंय तिथं कडेनं रांगोळीची रेघ ओढा. नऊला दुसरी, दहाला तिसरी, अशा पाचपर्यंत ओढत जा. संध्याकाळी अंगणाचा नकाशाच तयार होतो. कुठं सहा तास ऊन, कुठं तीन तास, कुठं नुसता पानांतून गाळून आलेला कवडसा आणि कुठं काहीच नाही. बऱ्याच जणींना धक्का बसतो, कारण उजेड आणि ऊन यांत डोळा फसतो. आपल्याला 'चांगलं उजेडाचं' वाटणाऱ्या जागी आंब्याखाली उघड्या मैदानाच्या मानानं उजेडाचा अगदी थोडा हिस्साच पोचत असतो.

हे मोजमाप वर्षातून दोनदा करायचं, एकदा डिसेंबरात आणि एकदा एप्रिल-मेमध्ये. कारण सूर्य जागा बदलतो. कोल्हापुरात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. त्या दिवशी उभ्या काठीची सावली पडत नाही. या दोन तारखांच्या मधले तीन महिने सोडले तर बाकी सगळं वर्ष दुपारचा सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. म्हणून घराच्या उत्तरेचं अंगण सावलीत जातं. डिसेंबरच्या शेवटी तर तीस फूट उंच इमारतीची सावली भर दुपारी उत्तरेला सुमारे पंचवीस फूट लांब पडते. तुमच्या दक्षिणेला पन्नास फुटी अपार्टमेंट झालं असेल तर ती सावली चाळीस फुटांच्या पुढं जाते. आता सांगा, अशा जागी दिवाळीत टाकलेलं लॉन संक्रांतीला का जातं! आणि उत्तरेच्या अंगणात सूर्य डोक्यावर येतो ते नेमके पावसाळ्याचे ढगाळ महिने. गवताच्या दृष्टीनं हा दुष्काळातला तेरावा महिनाच.

अपार्टमेंटची सावली आपल्याला हलवता येत नाही. झाडाची मात्र थोडी हलवता येते. आंब्याच्या अगदी खालच्या, जमिनीकडं झुकलेल्या फांद्या आठ-दहा फुटांपर्यंत काढल्या की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन बुंध्यापर्यंत शिरतं. मधल्या गर्दीतल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, वाळक्या फांद्या विरळल्या तर कवडसे वाढतात. हे काम आंबे उतरवल्यावर लगेच, जोराचा पाऊस लागायच्या आत करावं. उशीर करून थंडीत छाटलं तर मोहोर गेलाच म्हणून समजा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावून घ्यावी. आणि छाटणीलासुद्धा आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारून घेतलेलं बरं. झाडावर चढून कोयत्यानं दिसेल ती फांदी उडवणारा माणूस बोलावू नका. शेंडा छाटलेला आंबा दुसऱ्या वर्षी छत्रीसारखा दाट फुटतो आणि सावली होती त्यापेक्षा वाढते. आणखी एक साधी गोष्ट म्हणजे कंपाउंडच्या भिंतीला आतून पांढरा रंग द्या. परतून येणारा उजेडही सावलीत मोलाचा असतो.

एवढं करून ज्या पट्ट्यात तीन-चार तासांचं ऊन किंवा दिवसभर बऱ्यापैकी कवडसे मिळतात, तिथं हरळीचा हट्ट सोडून कार्पेट ग्रास लावा. रुंद पात्याचं, पोपटी रंगाचं, जमिनीला चिकटून धावत जाणारं हे गवत मूळचं अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातलं. नारळाच्या बागांत, रबराच्या मळ्यांत झाडांखाली हेच वाढतं. दिसायला ते हरळीसारखं मखमली नाही, थोडं रांगडं आहे. मला विचाराल तर जुन्या कौलारू घरापुढं तेच जास्त शोभतं. एक गोष्ट लक्षात घ्या. हे सावली सोसतं, अंधार नव्हे. फणसाच्या बुंध्याशी, अशोकाच्या रांगेखाली, जिथं दुपारीही दिवा लावावासा वाटतो तिथं हेसुद्धा जगत नाही.

लावताना लाद्या घेऊ नका, मुळ्या फुटलेले तुकडे घ्या. शक्यतो नर्सरीत शेडनेटखाली वाढलेलेच मागा, म्हणजे सावलीची सवय असते. जमीन टिकावानं खोल खणायची नाही, झाडाची मुळं तुटतात. खुरप्यानं दोन-तीन इंच भुसभुशीत करा, वर इंचभर चाळलेली पोयटा माती आणि मुरलेलं शेणखत पसरा. त्यापेक्षा जास्त भर नको. 'जमीन वर-खाली आहे' म्हणून झाडाभोवती ट्रॉलीभर माती ओतून सपाटी करणारे भेटतात. त्यानं मुळं गुदमरतात, आणि एवढं मोठं झाड दोन-तीन वर्षांत शेंड्याकडून वाळायला लागतं तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही. तुकडे चार-पाच इंचांवर लावा, हातानं दाबा. जूनच्या पहिल्या पावसात मुळं धरली तर ठीक, नाहीतर सरळ सप्टेंबरपर्यंत थांबा. जुलैत आंब्याच्या पानांवरून टपटपणारे मोठे थेंब नुकते लावलेले तुकडे उखडून टाकतात.

पाणी पहिले दोन-तीन आठवडे रोज, नंतर वरची माती सुकली की. तेही सकाळीच. संध्याकाळी भिजवलेलं गवत सावलीत रात्रभर ओलं राहतं आणि बुरशीला आयतं आमंत्रण मिळतं. उन्हाळ्यात मात्र उलटं होतं. सावली आहे म्हणून ओल असेल असं वाटतं, पण खालची मुळं सगळं पाणी ओढून घेतात आणि मार्चमध्ये झाडाखालची माती उघड्या जागेपेक्षाही कोरडी निघते. बोट घालून बघा. कापणी तीन इंचांच्या खाली नको. उजेड कमी, त्यात पातीही कापली तर त्यानं अन्न करायचं कशावर? आंब्याची पानझड सुरू झाली की रोज खराटा फिरवा, कारण गवतावर साचलेला पाला म्हणजे सावलीवर सावली. तो पाला जाळू नका, कोपऱ्यात खड्डा करून कुजवा. वर्षाच्या आत सोन्यासारखं खत मिळतं. आणि मुलांचं क्रिकेट या गवतावर चालणार नाही. जाण्या-येण्याच्या वाटेवर खडबडीत फरश्या अंतरा-अंतरानं बसवा. जांभा दगड दिसायला सुंदर, पण सावलीत त्यावर शेवाळ पटकन धरतं आणि घरात सत्तरीची सासू किंवा आई असेल तर एका घसरण्यात मांडीचं हाड जातं. शेवाळ ही थट्टेची गोष्ट नाही. जिथं ते दरवर्षी येतं तिथं पाण्याचा निचरा आधी करा, गवताचं नंतर बघू.

आपला जिल्हा मोठा विचित्र आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास आणि शिरोळला त्याच्याही निम्माच. तेव्हा राधानगरी, बावड्याकडच्या लाल, आंबूस मातीत कार्पेट ग्रास आपोआप पसरेल, तर शिरोळ, हातकणंगल्याच्या काळ्या जमिनीत उन्हाळाभर पाणी घालण्याची तयारी असेल तरच त्याच्या नादी लागा. मैत्रिणीच्या अंगणात आलं म्हणून आपल्याकडं येईलच असं नाही.

गवताचा अभ्यास आपल्या गावात झालेला आहे, बरं का. शिवाजी विद्यापीठानं 2012 साली 'ग्रासेस ऑफ महाराष्ट्र' हा पोतदार, साळुंखे आणि यादव यांचा जाडजूड ग्रंथ काढला. राज्यभरातली गवतं त्यात आहेत. पण ग्रंथ चाळायचा नसेल तर दाजीपूरच्या जंगलात एक चक्कर मारा. सड्यावर उघड्या उन्हात गवतच गवत, आणि दाट रानात शिरलं की पायाखाली पाला, नेचे, वेली, रानहळदीसारखी रुंद पानांची रोपं. सड्यावरचं ते गवत इथं दिसत नाही. कुठं कवडसा पडत असेल तिथं एखादं रुंद, चुरगळल्यासारख्या पात्याचं सावलीतलं गवत दिसतं तेवढंच. हजारो वर्षांत निसर्गानं दाट झाडाखाली लॉन केलेलं नाही. आपण तीन महिन्यांत करायला बघतो!

म्हणून रांगोळीच्या नकाशात ज्या भागात ऊन आलंच नाही, तिथं गवताचा विषय सोडा आणि सावलीची आवड असणाऱ्यांना बोलवा. पहिला मान अळूचा. मोरीचं पाणी जिथं जातं तिथं आजीनं लावलेला अळू कुणाला आठवत नाही? हळद अर्धवट सावलीत छान येते. सांगलीची हळद जगप्रसिद्ध, तिचे दोन गड्डे आणून झाडाच्या कडेला लावले तरी पातोळ्यांपुरती पानं घरची होतात. आलंही तसंच. नागवेल झाडाच्या बुंध्यावर चढवा. मिरज भागातले पानमळेवाले तर वेलीसाठी शेवरी, शेवगा, पांगारा लावून मुद्दाम सावली तयार करतात. आपल्याकडं ती फुकट आहे. ब्रह्मकमळाला कडक ऊन नकोच असतं. पावसाळ्यात एका रात्री ते फुललं की गल्ली गोळा होते. मेमध्ये लाल चेंडूसारखं फुलणारी फुटबॉल लिली सावलीत वर्षानुवर्षं टिकते. नुसता हिरवा गालिचाच हवा असेल तर मोंडो ग्रास आहे. नावात ग्रास असलं तरी ते गवत नव्हे, पण बारीक गर्द पाती असतात आणि कापावंही लागत नाही. वाढतं मात्र गोगलगाईच्या चालीनं, तेव्हा दाट लावा. स्पायडर प्लांट, सिंगोनियम, नेचे यांना तर तोडच नाही. वेडेलिया फुकट मिळतो, झपाट्यानं पसरतो म्हणून लोक लावतात. माझं मत विचाराल तर टाळा. कंपाउंडबाहेर ओढ्या-नाल्यांत शिरला की तो आवरत नाही.

प्लॅस्टिकच्या हिरवळीबद्दलही हल्ली फार विचारणा होते. टेरेसवर, कार्यक्रमापुरती ठीक. आंब्याखाली मात्र तिच्यात पाला अडकतो, पावसाळ्यात खालून कुबट वास येतो आणि मातीचा श्वास बंद होतो तो वेगळाच. त्यापेक्षा उघडी माती बरी.

उघडी माती म्हटलं की नाक मुरडू नका. लॉन आपल्याकडं साहेबाच्या बंगल्यांबरोबर आणि क्लबांबरोबर आलं. त्याआधी आपलं अंगण म्हणजे चोपून घट्ट केलेली जमीन, त्यावर शेणसडा आणि रांगोळी. 'दारात गवत उगवलं' हे आपल्या भाषेत वैभवाचं लक्षण कधीच नव्हतं. घर ओस पडलं, माणसं गेली, असा त्याचा अर्थ. गवत खुरपून काढणं हे घरच्या लक्ष्मीचं रोजचं काम होतं, कारण गवतात विंचू-किरडू दडतं. आणि झाडाखालची जागा तर बसायची. दुपारी तिथं बाज टाकून शेंगा फोडल्या जायच्या, शेवया वळल्या जायच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं पत्ते कुटायची. आंब्याखाली चार फरश्या, एक दगडी बाक आणि भोवती अळू-हळदीची महिरप, यात कमीपणा कसला?

राहता राहिल्या दूर्वा. गणपतीत एकवीस दूर्वांची जुडी बाजारातून आणावी लागते, ती मातीत की गटाराकडेला वाढली कुणास ठाऊक, ही हळहळ बऱ्याच जणींना असते. त्यासाठी अख्खं अंगण नको. सहा इंच खोलीचं पसरट कुंडं, नाहीतर उभा चिरलेला जुना पिंप पुरतो. तळाला भोकं पाडा, माती-शेणखत निम्मं निम्मं भरा, हरळीच्या दहा-बारा कांड्या आडव्या दाबा आणि गच्चीवर भर उन्हात ठेवा. आषाढात एकदा सगळी हरळी दोन बोटांवर कापून टाका. मग भाद्रपदात तीन पात्यांचे कोवळे शेंडे भरपूर मिळतात. कुंडं गच्चीवर नेताना दोघींनी धरा, ओल्या मातीचं वजन फार होतं.